जुनी ॲल्युमिनिअमची होडी: आधी फोम, मग ट्रान्सम, रंग सगळ्यात शेवटी

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. १४ फुटांची, रिव्हेट मारलेली, चाळीसेक वर्षांची मासेमारीची छोटी होडी काकांकडून तुमच्याकडे आली आहे. पाण्यात घातली की तासाभरात तळात बोटभर पाणी साचतं. इंजिन अडकवायच्या मागच्या फळीचं, म्हणजे ट्रान्समचं लाकूड दाबलं तर दबतं. रंगाचे पापुद्रे सुटताहेत. तुमचा बेत असा की मधला बाक कापून जागा मोकळी करायची, तळावर प्लायवूड टाकून वर कार्पेट चिकटवायचं आणि बाहेरून जाड रंग देऊन गळती बंद करायची. ही होडी एवढ्या खटपटीच्या लायकीची आहे का, आणि हात कुठून घालावा?

लायकीची आहे, जवळजवळ नक्कीच. पण बाक, कार्पेट आणि रंगाने गळती थांबवणं हे तिन्ही बेत सोडून द्या, अशी माझी कळकळीची विनंती आहे. बरीच वर्षं मी अशा होड्या दुरुस्त करतो आहे. नुसत्या वयाने पत्रा संपलाय अशी होडी माझ्यासमोर क्वचितच आली. जिथे जिथे पत्रा खाल्ला गेला होता तिथे त्याला लागून काहीतरी ओलं अडकून राहिलेलं सापडलं: भिजलेला फोम, कुजकं लाकूड, कार्पेट, गाळ, नाहीतर एखादा चुकीचा स्क्रू.

याचं कारण समजून घेतलं की पुढचे निर्णय आपोआप सुचतात. ॲल्युमिनिअमवर हवेमुळे ऑक्साइडचा एक थर सतत तयार होत असतो. जाडी काही नॅनोमीटर, पण अतिशय घट्ट. ओरखडा पडला तरी तो लगेच पुन्हा धरतो, म्हणून उघडा पत्रा पावसापाण्यात वर्षानुवर्षं टिकतो. मात्र त्याला दोन गोष्टी लागतात. हवा मिळाली पाहिजे आणि पाणी फार आम्ल किंवा फार अल्कली नको. साधारण ४ ते ८.५ पीएचच्या दरम्यान हा थर स्थिर असतो. ओल्या कार्पेटखाली हवा पोचत नाही, त्यात खारं पाणी असेल तर मीठ साठत जातं, थर फाटतो आणि पुन्हा धरत नाही. मग पांढरी भुकटी दिसते आणि तिच्याखाली खड्डे. तेव्हा होडीत काहीही नवीन बसवताना एवढंच विचारा: याच्यामागून पाणी बाहेर कुठून जाईल आणि हवा आत कुठून येईल?

म्हणून सुरुवात फोमपासून करा. बाकांच्या पोटात जो फोम भरलेला असतो तो होडी बुडू नये म्हणून असतो. जुना फोम बऱ्याचदा पाणी पिऊन बसलेला असतो. बाकाचं वरचं झाकण काढा आणि फोमचा तुकडा अगदी खालून, पत्र्याला टेकलेल्या भागातून कापून घ्या. वरचा कोरडा लागला म्हणून समाधान मानू नका. पिळल्यावर पाणी निघालं किंवा तुकडा हातात जड लागला, तर सगळा फोम बाहेर काढा. १०० लिटर फोममध्ये एक तृतीयांश पाणी शिरलं असेल तर तुम्ही ३० किलोहून जास्त ओझं उगाच वाहताय, आणि होडी उलटली तर तेवढाच आधार कमी मिळणार आहे. काढलेल्या फोमचं मोजमाप मात्र लिहून ठेवा. तेवढाच फोम परत घालायचा आहे, कमी नाही.

हिशेब सोपा आहे. घनमीटरला ३२ किलो घनतेचा कोरडा फोम दर लिटरमागे साधारण ९७० ग्रॅम वजन तरंगत ठेवतो. ॲल्युमिनिअमची घनता पाण्याच्या २.७ पट, त्यामुळे ८० किलोचा पत्रा पाण्याखाली सुमारे ५० किलो भरतो. त्यात इंजिन, बॅटरी, नांगर हे सगळं मिळवा, माणसांना धरून राहता येईल एवढी जादा ताकद ठेवा, म्हणजे किती लिटर फोम लागेल ते कळेल. मी ओतायचा फुगणारा फोम वापरत नाही. तो पातळ पत्र्याला पोक काढतो, पाणी वाहायच्या वाटा बुजवतो आणि पत्र्याला चिकटून बसतो, म्हणजे जो रोग घालवायचा तोच पुन्हा आणतो. बंद पेशींच्या (सहसा पाणी न पिणाऱ्या) फोमचे तयार तक्ते कापून बसवा आणि खाली बोटभर मोकळी जागा सोडा. पॉलिस्टायरीनचा तक्ता पेट्रोल लागलं की विरघळतो, म्हणून इंधनाच्या टाकीजवळ पॉलिएथिलीनचा घ्या. फोम शक्यतो वर आणि दोन्ही बाजूंना असू द्या. सगळा तळाशी भरला तर होडीत पाणी भरल्यावर ती उलटी व्हायला बघते.

आता मधल्या बाकाबद्दल. तो कापू नका. अशा होडीत बाक बसायला असतो तसाच दोन्ही बाजूंना ताणून धरायलाही असतो. पत्रा दीड-दोन मिलिमीटरचा. त्याला आकार देतात त्या फासळ्या, कणा आणि हे आडवे बाक. फार पूर्वी एका मित्राच्या हट्टापायी मी असा बाक काढला होता. मोकळी जागा खूप छान दिसली. पण लाटांवर बाजू आतबाहेर होऊ लागल्या आणि एका हंगामात फासळ्यांच्या टोकांचे रिव्हेट ओळीने सैल झाले. ते सगळे बदलून बाक परत बसवायला मूळ दुरुस्तीपेक्षा जास्त दिवस गेले. जागा हवीच असेल तर बाकाचा वरचा पत्रा बिजागरीने उघडता येईल असा करा आणि आत सामान ठेवा; पण तेवढा फोम दुसरीकडे घाला आणि बाकाच्या उभ्या बाजू व टोकाच्या पट्ट्या शाबूत ठेवा.

होडी आतून रिकामी झाली की गळती शोधायची. होडी ट्रेलरवर किंवा लाकडी घोड्यांवर (आधाराच्या तिवयांवर) ठेवा आणि बाहेर नाही, आत पाणी भरा. थांबा, आधी आधाराचा विचार करा. ४ मीटर लांब आणि १ मीटर रुंद सपाट तळावर १० सेंमी पाणी म्हणजे ४०० लिटर, म्हणजेच ४०० किलो. आधार कण्याखाली आणि फासळ्यांच्या रेषेत हवेत, दोन टोकांना नाही. तळ बाहेरून पुसून कोरडा करा, सांध्यांवर खडूची पूड चोळा आणि खाली झोपून बघा. थेंब सांध्याच्या कडेने सरकत जातो, त्यामुळे तो जिथून पडतो तिथेच गळती असते असं नाही. खडू आधी कुठे ओला झाला ते महत्त्वाचं. प्रत्येक जागेवर मार्करने खूण करा. अर्धा तास थांबा. हळू पाझरणारे रिव्हेट उशिरा दिसतात.

सैल रिव्हेट दोन माणसांनी ठोकायचा असतो. एकाने आतून रिव्हेटच्या शेपटीवर जड लोखंडी डॉली, म्हणजे ठोकळा, घट्ट दाबून धरायची, दुसऱ्याने बाहेरच्या डोक्यावर हातोडीचे दोन-तीन नेमके फटके द्यायचे. जास्त नाही, कारण मारून मारून रिव्हेट कडक होतो आणि भोवतीचा पत्रा ताणला जातो. यातले बरेच रिव्हेट एवढ्यानेच गप्प बसतात. जे हलतात, ज्यांचं डोकं झिजलंय किंवा ज्यांच्याभोवती काळं वर्तुळ दिसतं, ते बदला. डोक्याच्या मधोमध रिव्हेटच्याच व्यासाचा ड्रिल डोक्याच्या जाडीपुरता घाला, डोकं उडवा आणि शेपटी पंचने आत ढकला. भोक लंबगोल झालं असेल तर पुढच्या मापाचा रिव्हेट घ्या. नव्या रिव्हेटची लांबी म्हणजे सगळ्या पत्र्यांची एकूण जाडी अधिक व्यासाच्या दीडपट. ठोकून झाल्यावर शेपटी व्यासाच्या दीडपट रुंद आणि निम्मी उंच दिसली पाहिजे, ४.८ मिमीच्या रिव्हेटला ते साधारण ७ मिमी आणि २.४ मिमी होतं. बसवण्यापूर्वी रिव्हेट पॉलियुरेथेनच्या मरीन सीलंटमध्ये बुडवा. थ्रीएम ५२०० चांगला आहे, पण तो पूर्ण धरायला काही दिवस लागतात, घाई करू नका. सिलिकॉन मात्र अजिबात नको: त्यावर रंग बसत नाही आणि ते पत्र्यावरून पुरतं निघतही नाही.

जिथे आतून हात पोचत नाही तिथे पॉप रिव्हेट (एकाच बाजूने, खिळा ओढून बसवायचा) चालतो, पण बंद टोकाचा. साध्या पॉप रिव्हेटच्या मधल्या भोकातूनच पाणी येतं. त्याचा खिळाही ॲल्युमिनिअमचा किंवा स्टेनलेसचा हवा. आत साध्या पोलादाचा तुकडा राहिला तर गंज तिथूनच सुरू होतो.

एवढं झाल्यावर आतून सगळ्या सांध्यांवर आणि रिव्हेटांच्या ओळींवर ग्लूविटसारखा पातळ, सुकल्यावरही थोडा लवचीक राहणारा इपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचं, घट्ट होणारं रेझिन) लावा. पत्रा कोमट असताना लावला तर तो सांध्यात ओढला जातो. हा उपाय ठोकण्यानंतरचा आहे, ठोकण्याऐवजीचा नाही. बाहेरून रंग देऊन गळती का थांबत नाही तेही यातच आलं: सांधा प्रत्येक लाटेला किंचित हलतो आणि रंगाचा पातळ कडक थर त्यासोबत हलू शकत नाही. तो चिरतो, आणि पुढच्या वेळी गळती रंगाखाली लपते.

बारीक खड्डे पांढरी भुकटी पुरती खरवडून मरीन-टेक्ससारख्या इपॉक्सी पुटीने भरता येतात. आरपार भोक असेल किंवा पत्रा बोटाने दबत असेल तर आतून ठिगळ लावा. पत्रा शक्यतो ५०५२ मिश्रधातूचा, कोपरे गोल कापलेले, मध्ये सीलंट आणि कडेने रिव्हेट. चीर असेल तर आधी तिच्या दोन्ही टोकांना ३ मिमीची भोकं पाडा. नाहीतर ठिगळाखालून ती पुढे सरकत राहते.

वेल्डिंगचं बऱ्याच जणांच्या मनात असतं. ॲल्युमिनिअम ६६० अंशांना वितळतं आणि त्यावरचा ऑक्साइड २००० अंशांच्याही वर. म्हणजे कातडी शाबूत असताना आतलं मांस वाहून जातं, आणि दीड मिलिमीटरच्या जुन्या, तेल प्यायलेल्या पत्र्यावर ते सांभाळणं चांगल्या वेल्डरलाही जड जातं. शिवाय उष्णतेने शेजारचे रिव्हेट सैल होतात, सांध्यातला सीलंट जळतो आणि ताणून कडक केलेला पत्रा त्या पट्ट्यात मऊ पडतो. मूळची वेल्ड केलेली जाड पत्र्याची होडी असेल तर गोष्ट वेगळी. तुमच्या होडीला रिव्हेटच शोभतो. गॅसच्या ज्योतीवर वितळणाऱ्या कमी तापमानाच्या कांड्या मी पाणरेषेखाली वापरत नाही.

ट्रान्सम हे या सगळ्या कामातलं सर्वांत जोखमीचं अंग. इंजिनाचा सगळा जोर तिथे येतो. बोटाने दबतंय म्हणजे लाकूड बदलायचं, त्यात दुसरा विचार नाही. जुनी फळी तुकडे झाली तरी जपून काढा, कारण तीच तुमचा साचा आहे. उंची मोजून ठेवा: आखूड शाफ्टचं इंजिन साधारण ३८ सेंमी उंचीच्या ट्रान्समला बसतं, लांब शाफ्टचं ५१ सेंमीच्या. जाडीही मूळची ठेवा. बहुधा १८ मिमी मरीन प्लायवूडचे दोन तक्ते इपॉक्सीने एकमेकांना चिकटवून ती जमते. पाण्यात टिकावं म्हणून रसायन मुरवलेलं लाकूड वापरायचा मोह टाळा. त्यातल्या बऱ्याच रसायनांत तांबं असतं, आणि ओलं तांबं ॲल्युमिनिअमला लागून राहिलं की पत्र्याची चाळण होते.

नव्या फळीला सगळीकडून इपॉक्सीचे तीन हात द्या. कडा जास्त पितात, तिथे चौथा द्या. बोल्टची भोकं आधी मोठी पाडा, घट्ट इपॉक्सीने भरा आणि सुकल्यावर त्यातून नेमक्या मापाचं भोक पाडा. म्हणजे पाणी बोल्टच्या वाटेने आलं तरी लाकडाला भेटत नाही. मला विचाराल तर अख्ख्या ट्रान्समच्या कामात हीच पायरी सर्वांत मोलाची, आणि नेमकी हीच लोक गाळतात. उन्हात इपॉक्सी खराब होतो, म्हणून उघड्या भागावर रंग हवा. बसवताना वरून आणि बाजूंनी सीलंट भरा. खालची कड मात्र मोकळी ठेवा, आत गेलेलं पाणी निथळलं पाहिजे. बोल्ट स्टेनलेसचे, मोठ्या वॉशरसह, आणि धाग्यांवर व डोक्याखाली टेफ-जेल किंवा ड्युरालॅकसारखी पेस्ट. स्टेनलेस आणि ॲल्युमिनिअम यांचं फार जमतं असं नाही, पण मोठ्या पत्र्यात छोटा बोल्ट असेल तर झीज सावकाश होते आणि पेस्टने आणखी मंदावते. पितळी बोल्ट मुळीच नको. तळाची पाणी सोडायची नळी पितळेची असेल तर तीही याच वेळी बदलून प्लास्टिकची किंवा ॲल्युमिनिअमची बसवा. ट्रान्समला बाजूंशी जोडणारे कोपऱ्यातले कंस चिरलेत का, तेही आत्ताच बघून घ्या.

प्लायवूडचा फ्लोअर हवा असेल तर माझी हरकत नाही, कार्पेटला आहे. १२ मिमी प्लायवूड चौरस मीटरला साधारण ७ किलो भरतं. ३ चौरस मीटर म्हणजे २० किलोंच्या वर. हे वजन होडीवरच्या क्षमतेच्या पाटीतून वजा करायचं असतं. फ्लोअर फासळ्यांवर लगेच बसवा, उंच नको, कारण उभ्या माणसाचा तोल जितका वर तितकी होडी डळमळीत. तक्ते सुटे ठेवा, हाताने उचलता येतील असे, आणि कडेने बोटभर फट सोडा. पाय घसरू नये म्हणून रंगात वाळू मिसळा किंवा रबराच्या सुट्या चटया टाका. तक्ते सुटे हवेत याला आणखी एक कारण आहे. कायमचा ठोकलेला फ्लोअर उचकटल्यावर मला एकदा पत्र्यात एक गोल आरपार भोक सापडलं आणि त्याच्या शेजारी गळाचं शिशाचं वजन. खारं पाणी, गाळ आणि पत्र्यावर पडून राहिलेलं शिसं, एवढं पुरलं. मासेमारीच्या होडीत शिसं आणि पितळी कड्या पडायच्याच. त्या दर फेरीनंतर वेचता आल्या पाहिजेत.

वीज घेणार असाल तर प्रत्येक दिव्याला आणि पंपाला दोन तारा ओढा. होडीचा पत्रा परतीची तार म्हणून कधीही वापरू नका. भरकटलेला प्रवाह पत्रा फार वेगाने खातो. फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून १८ सेंमीच्या आत बसवा.

रंग देणं सक्तीचं नाही. आतून मी पत्रा उघडाच ठेवायचं सुचवेन. बाहेरून हवा असेल तर जुना रंग काढताना मास्क लावा आणि ओलं घासा, कारण जुन्या रंगात शिसं असू शकतं. तळाला शेवाळरोधक रंग असेल तर त्यात विषारी कथिल संयुगंही असू शकतात; त्यांवरची आंतरराष्ट्रीय बंदी २००८ साली अमलात आली आणि तुमची होडी त्याआधीची आहे. कॉस्टिक असलेलं रंग काढायचं रसायन पत्राच खातं. लोखंडी तारेचा ब्रश लोखंडाचे कण पत्र्यात रुतवतो. सँडब्लास्टिंगने पातळ पत्रा वाकडा होतो. ॲल्युमिनिअमला चालणारं रसायन, नायलॉनचा पॅड आणि पॉलिश पेपर, एवढ्यावर भागतं. घासण्याआधी तेलकटपणा धुवा, नाहीतर घासताना तो ओरखड्यांत दाबला जातो. शेवटी पाणी ओता: ते सलग पसरलं तर पत्रा स्वच्छ, थेंब झाले तर अजून तेल आहे. मग त्याच दिवशी, शक्य तर काही तासांत प्रायमर द्या. पाणरेषेखाली मी इपॉक्सी प्रायमर देतो. एच (etch) प्रायमर, म्हणजे पत्र्याला किंचित चरून धरणारा, वरच्या भागाला चालतो, पण त्यावर इपॉक्सी चालेल का ते डब्यावर वाचल्याशिवाय एकावर एक चढवू नका. तळाला तांब्याचा शेवाळरोधक रंग देऊ नका.

पाण्यात पहिल्यांदा घालाल तेव्हा फ्लोअरचे तक्ते घरीच ठेवा. उथळ पाण्यात तासभर बांधून ठेवा, मग दोघंजण आत बसून एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला सरका आणि टॉर्चने सांधे बघा. रिकामी होडी गळत नाही आणि वजन आलं की गळते असं नेहमी होतं. इंजिन लावून थोडं फिरून आलात की ट्रान्समचे बोल्ट पुन्हा आवळा, आणि दहाएक तासांच्या वापरानंतर आणखी एकदा. ठेवताना नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, उंच आणि मागचं बूच काढलेलं असू द्या.